पणजी : एका लहान नगराची जडणघडण

रोज त्याच रस्त्याने ये-जा करणाऱ्या नागरिकाला तो रस्ता बदलत असल्याचे सहसा जाणवत नाही. एखादे दुकान बंद होते, एखाद्या घरावर मजला चढतो, कोपऱ्यावरचे झाड जाते आणि त्या जागी वाहने उभी राहू लागतात. हे सारे फेरफार सुटे सुटे व किरकोळ वाटतात. परंतु वीस-पंचवीस वर्षांनी गावी परतलेल्या माणसाला तोच रस्ता ओळखू येत नाही. नगराचे रूप असे हळूहळू पालटत असते. ते नेमके कशामुळे पालटते, त्यातील काय टिकते व काय जाते, हा नगरविद्येतील महत्त्वाचा विषय आहे. लहान नगरांच्या बाबतीत तर तो अधिकच महत्त्वाचा होय. कारण तेथे एका चुकीच्या निर्णयाचा परिणाम साऱ्या गावाला भोगावा लागतो.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासात एम. आर. जी. कॉन्झेन या भूगोलतज्ज्ञाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. इंग्लंडमधील ॲनिक या छोट्या नगराचा त्यांनी केलेला अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. नगराचा आराखडा, इमारतींचे स्वरूप व जागेचा उपयोग हे तीन घटक वेगवेगळ्या गतीने बदलतात, असे त्यांनी दाखविले. जागेचा उपयोग लवकर बदलतो. इमारत त्याहून सावकाश बदलते. रस्त्यांचा आराखडा मात्र शतकानुशतके टिकून राहतो. समुद्रकाठच्या व नदीकाठच्या नगरांसाठी या तिघांच्या तळाशी आणखी एक घटक जोडावा लागतो. तो म्हणजे मूळची भूमी आणि तिच्यावरून वाहणारे पाणी. हा घटक सर्वांत संथ आणि सर्वांत हट्टी आहे.

गोव्याची राजधानी पणजी हे या चारही घटकांच्या अभ्यासासाठी सोयीचे उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मूळ शहराची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. जुने शहर पायी फिरून पाहता येते. एका खेड्याच्या वाड्यापासून राज्याच्या राजधानीपर्यंतचा त्याचा प्रवास अडीच शतकांत झाला असून त्याच्या बहुतेक सर्व खुणा आजही जागेवर आहेत.

मूळची भूमी

मांडवी नदीच्या डाव्या तीरावर, नदी समुद्राला मिळण्यापूर्वी, आल्तिनो नावाची एक टेकडी आहे. टेकडीच्या उत्तरेस नदी, पूर्वेस ओरेंची खाडी आणि पश्चिमेस ताळगावच्या शेतांमधून येऊन नदीला मिळणारा सांतइनेजचा नाला, अशी या जागेची ठेवण आहे. टेकडी व पाणी यांच्या मधली जमीन सखल होती. तिच्यावर काही ठिकाणी वाळूच्या टेपा, काही ठिकाणी माड, तर उरलेल्या भागात दलदल होती. पणजी ही त्या काळी ताळगाव या गावाचाच एक भाग मानली जाई.

गोव्यातील अशा सखल जमिनींना ‘खाजन’ म्हणतात. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून त्यांच्याभोवती मातीचे बांध घालतात आणि बांधात ‘मानस’ नावाचे दार बसवितात. मानशीची रचना अतिशय कल्पक आहे. भरतीच्या वेळी बाहेरील पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते आणि ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने ते उघडते. त्यामुळे खारे पाणी बाहेर राहते आणि पावसाचे साचलेले पाणी निघून जाते. खाजनात भात, मासे व मीठ यांचे उत्पन्न निघे. आणि बांधांची देखभाल गावसंस्था सामूहिक जबाबदारी म्हणून करीत असत. पुढे ज्या भूमीवर शहर उभे राहिले तिचा हा मूळ स्वभाव ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

या निर्जन किनाऱ्यावरील पहिली मोठी इमारत म्हणजे नदीकाठी आदिलशहाने बांधलेला वाडा. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकल्यावर तो त्यांच्या ताब्यात गेला. टेकडीच्या उतारावर सोळाव्या शतकात एक लहान प्रार्थनामंदिर झाले. त्याच जागी १६१९ मध्ये पुन्हा बांधलेले चर्च आज शहराचे मानचिन्ह बनले आहे. १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय लिन्यारिस याच्या कारकिर्दीत पणजी व रायबंदर यांना जोडणारा सुमारे ३ किलोमीटर लांबीचा चिरेबंदी सेतुमार्ग झाला. मिठागरे व खाजने यांच्यामधून जाणाऱ्या या मार्गाला भरती-ओहोटीचे पाणी आरपार जावे म्हणून कमानी ठेवलेल्या होत्या. जवळजवळ चार शतके होत आली. हा मार्ग आजही वाहतुकीखाली आहे. पाण्याला वाट ठेवून बांधलेली रचना किती काळ टिकते, याचा हा बोलका पुरावा होय.

रस्त्यांची आखणी

जुने गोवे हे शहर सतराव्या शतकात साथीच्या रोगांनी जर्जर झाले व ओस पडू लागले. राज्यकर्त्यांनी आपले वास्तव्य प्रथम पाणेली येथे आणि १७५९ मध्ये पणजीच्या जुन्या वाड्यात हलविले. सत्तेबरोबर कारकून, व्यापारी, कारागीर व सैनिक आले. जुन्या गोव्यातील पडक्या इमारतींचे दगडही आले. आझाद मैदानावरील मंडपाचे खांब तेथील एका मोडलेल्या चर्चचे आहेत. एका नगराच्या अस्थींवर दुसरे नगर उभे राहिल्याची उदाहरणे इतिहासात अनेक आहेत. पणजी त्यांतीलच एक होय.

वसाहत प्रारंभी आपोआप वाढली. आल्तिनोच्या पूर्व पायथ्याशी एक झरा होता. झरा आणि खाडी यांच्यामधल्या माडांच्या बागेत अठराव्या शतकाच्या अखेरीस घरे होऊ लागली. ‘फोंताइन्हास’ या नावाचा अर्थच लहान झरे असा आहे. येथील रस्ते कोणी कागदावर आखले नाहीत. टेकडीचा उतार, झऱ्याकडे जाणारी पायवाट आणि खाडीचा काठ यांनी जी वाट दिली तीच गल्ली झाली. म्हणून त्या गल्ल्या वाकड्या, अरुंद व चढउताराच्या आहेत.

याउलट टेकडीच्या उत्तरेकडील मध्यवस्ती ही योजनेची निर्मिती आहे. १८२६ नंतरच्या दशकात दों मानुएल दि पोर्तुगाल इ कास्त्रो या राज्यप्रमुखाने वाळूच्या टेपा सपाट करून दलदल भरून काढली, सरळ रस्ते आखले आणि सैन्यासाठी विस्तीर्ण बराकी उभारल्या. पश्चिमेकडील कांपाल या भागाचे नावही त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैदानावरून आले आहे. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यांच्या मध्ये चौक व उद्याने आहेत आणि नदीकडे जाणारे बहुतेक मार्ग सरळ काठापर्यंत पोहोचतात. टेकडीचा एक सोंड कापून फोंताइन्हास व मध्यवस्ती यांना जोडणारा रस्ता करण्यात आला. त्याचे पोर्तुगीज नाव ‘टेकडीचा काप’ अशाच अर्थाचे आहे. २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने या वसाहतीला ‘नोव्हा गोवा’ म्हणजे नवे गोवे या नावाने नगराचा व राजधानीचा दर्जा मिळाला.

त्या आखणीला दोन शतके होत आली. तिच्या कडेची बहुतेक घरे एकदा तरी बदलली, काही दोनदाही बदलली. रस्त्यांच्या रेषा मात्र जागच्या हलल्या नाहीत. याचे कारण उघड आहे. घर एका कुटुंबाचे असते. वाटणी, कर्ज, लग्नकार्य किंवा आग यांपैकी एखाद्या प्रसंगाने ते बदलते. रस्ता सर्वांचा असतो. तो हलवायचा तर दोन्ही बाजूंच्या प्रत्येक मालकाची हद्द, प्रत्येक गटार आणि प्रत्येक उंबरठा हलवावा लागतो. म्हणून रस्ता आखताना झालेली चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि त्यावेळी दाखविलेली दूरदृष्टीही तितकीच टिकते.

रस्त्यांची नावे मात्र राजवटीबरोबर बदलतात. मुख्य बाजारपेठेच्या रस्त्याला आज ‘१८ जून मार्ग’ म्हणतात. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सविनय कायदेभंगाला प्रारंभ केला, त्याची ती स्मृती आहे. नदीकाठच्या मार्गाला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे नाव आहे. फोंताइन्हासमध्ये मात्र ‘३१ जानेवारी’ हे जुन्या राजवटीतील नाव चालू आहे. ती पोर्तुगालमधील प्रजासत्ताकवाद्यांच्या १८९१ मधील उठावाची तारीख होय. नगराच्या इतिहासातील दोन कालखंड अशा रीतीने पाट्यांवरूनही वाचता येतात.

घरांची घडण

पणजीच्या जुन्या घरांचे साहित्य स्थानिक होते. भिंती जांभ्या दगडाच्या म्हणजे चिऱ्याच्या. त्यांवर चुन्याचा गिलावा. वर नळ्याची कौले. मंगळूर येथे १८६५ मध्ये बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्यानंतर चपटी मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली आणि छपरांचे रूप बदलले. खिडक्यांच्या झडपांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवीत. त्यातून घरात सौम्य प्रकाश येई आणि पावसाचा मारा बाहेर राही. काच स्वस्त झाल्यावर शिंपल्यांच्या खिडक्या मागे पडल्या.

चिरा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो ओल शोषून घेतो व उन्हाळ्यात सोडून देतो. चुन्याचा गिलावा या क्रियेला अडथळा करीत नाही. मात्र त्याला दरवर्षी हात फिरवावा लागतो. पोर्तुगीज राजवटीत पावसाळ्यानंतर घरे रंगविण्याचा दंडक होता. चर्चची इमारत पांढरी असे आणि घरांना पिवडी, गेरू, नीळ असे रंग देत. आज पर्यटक कौतुकाने पाहतात ते रंग म्हणजे मुळात देखभालीची शिस्त होती. याच भिंतींवर दुरुस्तीच्या वेळी सिमेंटचा गिलावा चढविला, तर ओल आत कोंडते, चिरा भुसभुशीत होतो आणि तुळयांची टोके कुजतात. नव्या साहित्याने केलेली दुरुस्ती जुन्या घराला अशा प्रकारे घातक ठरू शकते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी झाल्यामुळे हा धोका वाढला आहे.

वास्तू तीच, उपयोग निराळा

इमारतीपेक्षा तिचा उपयोग वेगाने बदलतो. आदिलशहाचा वाडा हे याचे ठळक उदाहरण आहे. सुलतानाचा वाडा, नंतर येणाऱ्या-जाणाऱ्या व्हाइसरॉयांचा मुक्काम, १७५९ पासून राज्यप्रमुखाचे निवासस्थान, १९१८ मध्ये ते निवासस्थान काबो येथे गेल्यानंतर सचिवालय, आणि १९६४ पासून विधानसभा, अशी स्थित्यंतरे त्या एका वास्तूने पाहिली. २००० मध्ये विधानसभा नदीपलीकडे पर्वरीच्या नव्या संकुलात गेली.

मानुएल कास्त्रोच्या बराकींमध्ये पुढे पोलीस मुख्यालय, सार्वजनिक ग्रंथालय आणि साहित्यसंस्था यांना जागा मिळाली. १८३२ मध्ये स्थापन झालेले हे ग्रंथालय आज पाटो येथील स्वतंत्र इमारतीत असून कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते. १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचे पुढे वैद्यकीय महाविद्यालय झाले. ते बांबोळीला गेल्यानंतर त्याची नदीकाठची जुनी इमारत २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे केंद्र बनली. आल्तिनोवरील लायसियम या विद्यालयाच्या वास्तूत उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले; २०२१ मध्ये तेही पर्वरीला गेले.

या इमारती इतके बदल पचवू शकल्या, याला त्यांची रचना कारणीभूत आहे. जाड भिंती, उंच छत, सलग व्हरांडे, मोठी दालने आणि मध्ये मोकळा चौक असलेली वास्तू कोणत्याही एका कामाशी बांधलेली नसते. बराकीत पुस्तके ठेवता येतात आणि विद्यालयात न्यायालय भरू शकते. एकाच कामासाठी मोजून-मापून बांधलेल्या कमी उंचीच्या आधुनिक इमारतीला असे पुनर्जीवन मिळणे अवघड जाते. सार्वजनिक इमारतींचे आराखडे करताना ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

त्याचबरोबर याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. विधानसभा, न्यायालय, रुग्णालय, ग्रंथालय यांच्याभोवती एक दैनंदिन जीवन असते. त्यांच्या आश्रयाने खानावळी, कागद-दुकाने, टंकलेखक, औषधविक्रेते यांचा व्यवसाय चालतो. संस्था बाहेर जातात तेव्हा वास्तू उरते, परंतु तिच्याभोवतीची रोजची वर्दळ बदलते. महोत्सवाचे काही दिवस आणि रुग्णालयाचे वर्षभर यांत मोठा फरक आहे.

१९६१ नंतरची वाढ

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पणजीच्या वाढीला निराळी दिशा मिळाली. प्रशासनाचा विस्तार, शिक्षण, व्यापार व पर्यटन यांमुळे लोक येऊ लागले. मध्यवस्तीतील एकमजली व दुमजली घरांच्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या चार-पाच मजली इमारती झाल्या. तळमजल्यावर दुकाने, वर कार्यालये व सदनिका हा नमुना रूढ झाला. अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना त्यामुळे प्रथमच स्वतःचे पक्के घर मिळाले, हे नाकारता येणार नाही.

मांडवीवर १९७० च्या सुमारास पहिला मोठा पूल झाला. त्यापूर्वी पलीकडे जाण्यास होडी वा फेरीबोट हाच मार्ग होता. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला आणि काही काळ शहर पुन्हा फेरीबोटींवर अवलंबून राहिले. पुढे नवे पूल झाले. जानेवारी २०१९ मध्ये ‘अटल सेतू’ हा तिसरा पूल वाहतुकीस खुला झाला. पुलांमुळे शहराचे तोंड फिरले. पूर्वी येणारा माणूस नदीच्या धक्क्यावर उतरे आणि शहराचा दर्शनी भाग त्याच्या समोर येई. आता तो पाटो भागातून रस्त्याने आत शिरतो. ओरें खाडीपलीकडची पाटोची सखल जमीन भरून तेथे बसस्थानक, कार्यालये व बँका उभ्या राहिल्या. पश्चिमेस व दक्षिणेस मीरामार, करंझाळे, ताळगाव येथील शेते व माडबागा यांच्या जागी वसाहती झाल्या. २००२ च्या कायद्याने पणजीला महानगरपालिका मिळाली. २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’ योजनेत शहराची निवड झाल्यानंतर रस्ते, गटारे व वाहिन्यांची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली.

पाण्याची जुनी वाट

पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. हे पाणी आल्तिनोच्या उतारावरून सखल भागात येते आणि गटारांतून खाडी, नाला व नदी यांत जाते. भरतीच्या वेळी मात्र नदीची पातळी सुमारे २ मीटरपर्यंत चढते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, म्हणजे गटारांच्या तोंडाशी पाणी अडते आणि मध्यवस्तीतील रस्ते जलमय होतात. १८ जून मार्गावरील व्यापाऱ्यांना या गोष्टीचा अनुभव आहे.

खाजन शेतीत ही अडचण मानशीच्या दाराने आणि पाणी साठविण्यास मोकळ्या ठेवलेल्या जागेने सोडविलेली होती. ओहोटी होईपर्यंत पावसाचे पाणी शेतात थांबे. शहर वाढताना ही थांबण्याची जागा भरली गेली. टेकडीवरील मोकळ्या जमिनीवर बांधकाम झाल्याने पूर्वी मुरणारे पाणीही आता खाली धावते. सांतइनेजच्या नाल्यात सांडपाणी व गाळ साचला आणि त्याचे पात्र आक्रसले. ओपा येथून नळाचे पाणी घरोघर आल्यानंतर झरे व विहिरी यांवरील अवलंबन संपले आणि त्यांच्याकडे लक्ष देण्याचे कारणही संपले. या प्रत्येक बदलाला स्वतंत्रपणे समर्थन देता येईल. परंतु सर्वांचा एकत्रित परिणाम पावसाळ्यातील भरतीच्या दिवशी दिसतो.

रस्त्यांच्या डांबरीकरणातही असाच एक दोष सर्व जुन्या नगरांत आढळतो. जुना थर न खरवडता दर काही वर्षांनी नवा थर टाकला जातो. रस्ता बोटाबोटाने वर येतो व जुन्या घरांचे जोते तितकेच खाली जाते. मग रस्त्यावरचे पाणी उंबरठा ओलांडून घरात शिरते. घर जुने झाले म्हणून पाणी आले, अशी समजूत होते. वस्तुतः घर आपल्या जागी असते. रस्ता उंच झालेला असतो.

हवामानबदलामुळे समुद्राची पातळी वाढत असता सखल किनारी नगरांना हा प्रश्न टाळता येणार नाही. खाडी व नाला यांची पात्रे मोकळी ठेवणे, भरतीच्या तोंडाशी दारे व पंप बसविणे, उरलेल्या खाजनांचे बांध राखणे आणि टेकडीवरील झाडी टिकविणे हे उपाय सुंदर नगरासाठी नव्हे, राहण्याजोग्या नगरासाठी आवश्यक आहेत.

घर राहिले, घरचे गेले

जुन्या वस्तीपुढील दुसरा प्रश्न तितकाच गंभीर आहे. फोंताइन्हासमधील घरांचे बाह्यरूप टिकावे म्हणून नियोजनाच्या नियमांत जतनाच्या तरतुदी झाल्या. तथापि, घराचा दर्शनी भाग नियमाने टिकविता आला, तरी त्यातील कुटुंब नियमाने टिकविता येत नाही.

याची कारणे कायदा व अर्थव्यवहार यांत आहेत. गोव्यातील वारसा कायद्यानुसार संपत्तीचा अर्धा भाग कायदेशीर वारसांसाठी राखीव असतो. दोन-तीन पिढ्यांत एका घराला अनेक सहमालक होतात. कोणी मुंबईत, कोणी आखाती देशांत, तर कोणी पोर्तुगालमध्ये असतो. छपराचे वासे बदलण्यासही सर्वांची संमती व सर्वांचा पैसा लागतो. भाड्याने दिलेल्या घरांना १९६८ चा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. भाडेकरूला त्याने मोलाचे संरक्षण दिले. परंतु जुन्या भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेनासा झाला. मालक दुरुस्त करीत नाही, भाडेकरू करू शकत नाही आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. गळके छप्पर असलेले घर काही पावसाळ्यांतच आतून कोसळते.

जी घरे सावरली गेली त्यांतील अनेकांत अतिथिगृहे, उपाहारगृहे व कलादालने आली. या व्यवसायांनी दुरुस्तीसाठी पैसा आणला, ही जमेची बाजू होय. मात्र राहत्या कुटुंबांची संख्या घटली, तर नेहमीचा किराणा, पाववाला, शिंपी व शेजार यांचाही आधार तुटतो. उंबरठ्यावर छायाचित्रे काढण्यासाठी होणारी गर्दी रहिवाशांना त्रासदायक वाटते आणि तशा सूचना देणारे फलक त्यांनी दारांवर लावले आहेत. ज्या जीवनामुळे ती वस्ती पाहण्याजोगी झाली तेच जीवन पाहणाऱ्यांच्या गर्दीने मागे सरावे, हा विपरीत योग आहे. म्हणून जतनाच्या धोरणात रंग व कमानी यांच्याबरोबर दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज, सहमालकांच्या वादांचा लवकर निकाल, चुन्याच्या कामाचे प्रशिक्षण आणि निवासी उपयोगास प्राधान्य यांचाही समावेश असावयास हवा.

आपल्या नगराचा अभ्यास

पणजीच्या उदाहरणावरून कोणत्याही लहान नगराचा अभ्यास करण्याची एक रीत सांगता येते. महाविद्यालयातील विद्यार्थी, नगरपालिकेचे सदस्य किंवा स्थानिक मंडळे यांना ती सहज अवलंबिता येईल.

प्रथम नगराची भूमी समजून घ्यावी. ओढे, तळी, झरे, उतार व सखल जागा यांचा नकाशा करावा. ‘मळा’, ‘तळे’, ‘वेस’, ‘बांध’ अशी स्थळनामे लक्षपूर्वक पाहावीत. पाणी वा तट नाहीसा झाल्यानंतरही नाव त्याची साक्ष देत असते. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जागा त्या नकाशावर नोंदवाव्यात. पुष्कळदा त्या जुन्या ओढ्याच्या वाटेवरच आढळतात.

त्यानंतर एक रस्ता निवडावा. नगरभूमापनाचा नकाशा, नगरपालिकेची घरपट्टीची नोंदवही व जिल्हा गॅझेटियर यांच्या आधारे त्याची पूर्वस्थिती ठरवावी. प्रत्येक इमारतीचे मजले, साहित्य, जोत्याची रस्त्यापासूनची उंची, तळमजल्याचा व वरचा उपयोग, रिकाम्या खोल्या यांची नोंद करावी. वृद्ध रहिवाशांकडून आधीच्या उपयोगाची माहिती घ्यावी व ती कागदपत्रांशी ताडून पाहावी. हीच नोंद दर पाच वर्षांनी केली, तर बदलाची दिशा व गती आकड्यांत सांगता येते.

अखेरीस प्रत्येक बदलाला एक प्रश्न विचारावा : हा बदल परत फिरविता येण्याजोगा आहे काय? दुकानाची पाटी उद्या बदलता येते. पाडलेले घर तसेच पुन्हा बांधता येत नाही. बुजविलेला ओढा मोकळा करणे त्याहून कठीण असते. म्हणून जे लवकर बदलते त्यात नागरिकांना मोकळीक असावी. जे सावकाश बदलते त्याला हात लावताना अधिक विचार व अधिकांची संमती असावी. नगरपालिकांच्या कारभारात पुष्कळदा याच्या उलट घडते. एका पाटीच्या परवान्याला अनेक हेलपाटे घालावे लागतात आणि ओढ्यावरील भराव मात्र रातोरात होऊन जातो.

पणजीच्या इतिहासात दोन्ही प्रकारची उदाहरणे शेजारीशेजारी आहेत. कमानींतून पाणी जाऊ देणारा सतराव्या शतकातील सेतुमार्ग एका बाजूस आहे आणि पाण्याला थांबण्यास जागा न उरलेली विसाव्या शतकातील बाजारपेठ दुसऱ्या बाजूस आहे. रस्ते व इमारती बदलणे अटळ आहे. वाढत्या लोकसंख्येला घरे हवीत, व्यवसायाला जागा हवी आणि वाहतुकीला मार्ग हवा. परंतु कोणता बदल पंचवीस वर्षांसाठी आहे आणि कोणता दोनशे वर्षांसाठी, याचे भान आज निर्णय घेणाऱ्यांनी ठेवले, तरच पुढील पिढीला आपल्या नगरात कोरड्या पायांनी व आपल्या शेजाऱ्यांसह राहता येईल.